बडतर्फी, निवृत्ती आणि कोर्टाची तपासणी
(सभासद शिक्षण)



वार्षिक सभेत ताळेबंदाचे वाचन चालू असते. कोर्ट खर्च आणि कामगारांची मागील देणी यांचा आकडा आला की मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास उठते. "काट्यावर लबाडी करताना धरलेला माणूस कारखान्याने काढला. तो कोर्टातून परत आला कसा? आणि घरी बसल्या दिवसांचा पगार आमच्या उसातून का द्यायचा?" असा सवाल होतो. तेवढ्यात दुसरा उठतो. त्याचा भाऊ पॅन हाऊसला असतो. तो म्हणतो, "माझ्या भावाला वय झालं म्हणून घरी बसवलं. वय खरं धरलं का खोटं, हे कुणी बघायचं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही प्रश्न आपल्याच घरातले आहेत. एका घरातला थोरला ऊस घालतो आणि धाकटा सेंट्रिफ्युगलला पाळी करतो, असे आपल्याकडे गावोगाव आहे. म्हणून मालक एका बाजूला आणि कामगार दुसऱ्या बाजूला असे धरून हा विषय आपल्याला सोडवता येत नाही. सभासद हाच मालक. निकाल विरुद्ध गेला तर पैसा त्याचाच जातो, आणि अन्याय झाला तर पुष्कळदा तो त्याच्याच पोरावर होतो.

कामगाराला काढल्यावर किंवा निवृत्त केल्यावर वाद कोठे जातो, लवाद किंवा न्यायाधिकरण काय पाहते आणि त्यांच्या निकालाला हायकोर्ट कोठवर हात घालते, हे या पाठात पाहू.

१. वादाची वाट

कामगाराला काढले की पहिली पायरी तडजोडीची. सरकारी समेट अधिकारी दोघांना समोरासमोर बसवतो. तेथे जमले नाही तर पुढे दोन वाटा फुटतात. एक न्यायाधिकरणाची. कामगार न्यायालय हे नाव आपल्या कानावर जास्त आहे, ते याच वाटेवरचे. दुसरी वाट लवादाची. दोन्ही पक्षांनी आपखुशीने एक माणूस ठरवायचा, त्याच्यापुढे आपापले म्हणणे मांडायचे आणि तो देईल तो निवाडा मानायचा. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यात कलम १०-अ खाली ही सोय १९५६ च्या दुरुस्तीने झाली.

आता तो कायदा औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कलमांचे आकडे बदलले. पण आपसांतल्या लवादाची सोय आणि काढलेल्या कामगाराला दाद देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार या दोन्ही गोष्टी नव्या संहितेतही आहेत. म्हणून जुन्या निकालांतून जे शिकायचे ते आजही उपयोगी आहे.

न्यायाधिकरणाचा किंवा लवादाचा निवाडा ज्याला मान्य नाही त्याने हायकोर्टात रिट अर्ज करायचा. घटनेच्या कलम २२६ आणि २२७ खाली हा अधिकार हायकोर्टाला आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या मंडळींना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने तेवढी एस.टी. आणि मुक्काम वाचला.

आपखुशीने नेमलेल्या लवादाचा निवाडा कोर्टाने तपासावा का, असाही एक प्रश्न होता. मुंबईच्या हिंद सायकल्स कंपनीच्या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर आपल्या साताऱ्याचे, पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. असा लवाद म्हणजे न्यायाधिकरण नव्हे, म्हणून त्याच्या निवाड्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील चालणार नाही. पण त्याचे काम न्यायदानासारखे आहे, म्हणून हायकोर्टात रिट मात्र चालेल, असे ठरले. म्हणजे लवाद आपण निवडला म्हणून तो मनाला येईल तसे करू शकत नाही.

२. काटा तपासणे आणि ऊस पुन्हा मोजणे

सगळ्या पाठात महत्त्वाचे कलम हेच.

तुमच्या गाडीच्या वजनाबद्दल तक्रार असली तर तपासणारा अधिकारी दोन प्रकारे तपासू शकतो. गाडी पुन्हा काट्यावर घालून वजन करायचे, हा एक प्रकार. काटा बरोबर होता का, शून्यावर होता का, पावती नीट फाडली का एवढेच पाहायचे, हा दुसरा. न्यायाधिकरण पहिल्या प्रकारे तपासू शकते. हायकोर्ट बहुतेक दुसऱ्या प्रकारे तपासते.

आधी न्यायाधिकरणाकडे बघू. पूर्वी त्याचेही हात बांधलेले होते. इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चार कारणे सांगितली. मालकाची नियत साफ नव्हती. कामगारावर सूड उगवला किंवा अनुचित प्रथेचा अवलंब केला. चौकशीत मूळ चूक झाली किंवा नैसर्गिक न्याय पाळला नाही. किंवा निष्कर्षाला पुराव्याचा पायाच नाही. यांपैकी काही असेल तरच न्यायाधिकरणाने मालकाच्या निर्णयात हात घालावा. दिलेली शिक्षा जास्त वाटते, एवढ्यावरून ती बदलता येत नव्हती.

१९७१ च्या दुरुस्तीने कलम ११-अ आले. ते १५ डिसेंबर १९७१ पासून लागू झाले. त्याने न्यायाधिकरणाला पुरावा स्वतः तोलून पाहण्याचा आणि बडतर्फीच्या जागी कमी शिक्षा देण्याचा अधिकार मिळाला. फायरस्टोन टायर कंपनीच्या १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ उलगडून सांगितला. त्यात मालकाच्या बाजूची एक गोष्ट कायम राहिली. घरगुती चौकशी केलीच नसेल किंवा ती सदोष ठरली, तरी मालकाला न्यायाधिकरणासमोर पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मिळते.

आता हायकोर्ट. १९६३ साली बसच्या परवान्यावरून निघालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिटची मर्यादा स्पष्ट केली. खालच्या अधिकाऱ्याने अधिकार नसताना निकाल दिला, एका पक्षाला म्हणणे मांडू दिले नाही, किंवा कायद्याची चूक कागदावर डोळ्यांना दिसते आहे, तरच हायकोर्ट निकाल रद्द करील. कोणता साक्षीदार खरा आणि कोणता खोटा हे हायकोर्ट पुन्हा ठरवीत बसणार नाही. पुरावा मुळीच नसताना काढलेला निष्कर्ष, किंवा महत्त्वाचा पुरावा बाजूला सारून काढलेला निष्कर्ष, हा मात्र कायद्याचीच चूक धरला जातो.

याचा आपल्यापुरता अर्थ साधा आहे. कारखान्यात पहिल्या दिवशी लिहिलेला पंचनामा, आरोपपत्र आणि चौकशीचे कागद यांवरच पुढची सगळी इमारत उभी राहते. तेथे राहिलेली भेग हायकोर्टातला मोठा वकील बुजवू शकत नाही.

३. दोन खटले, दोन निकाल

पहिला खटला आपल्याच धंद्यातला आहे. बिहारमध्ये मोतीपूर साखर कारखाना होता. डिसेंबर १९६० मध्ये, भर हंगामात, तेथे कामगारांनी काम मंदावले. ऊस गव्हाणीवर पडून राहिला की काय होते हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. व्यवस्थापनाने शंभरावर कामगार कमी केले, आणि तेही चौकशी न करता. वाद न्यायाधिकरणापुढे गेला. व्यवस्थापनाने तेथे पुरावा मांडला, काम जाणूनबुजून मंदावले होते हे न्यायाधिकरणाला पटले आणि काढणे योग्य ठरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ते कायम केले. चौकशी झाली नव्हती ही उणीव खरीच, पण न्यायाधिकरणापुढे आरोप शाबीत झाला, म्हणून कारखाना तरला.

हे वाचून "म्हंजे चौकशी नाही केली तरी चालतं" असे कोणी समजू नये. न्यायाधिकरणापुढे सगळे नव्याने सिद्ध करणे म्हणजे दुप्पट कष्ट. तोवर साक्षीदार निवृत्त झालेले असतात, काहींची बदली झालेली असते, आणि काल बोलणारा आज गप्प बसतो.

दुसरा खटला अहमदाबादजवळच्या गुजरात स्टील ट्यूब्ज या कारखान्याचा. १९७३ च्या सुरुवातीला तेथे संप झाला. व्यवस्थापनाने आठशेच्या वर कामगारांना सेवामुक्त केले. पत्रात शिक्षेचा शब्द नव्हता. नियमाप्रमाणे नोकरी संपवली, एवढाच मजकूर. पुढे बरेच जण परत घेतले गेले, आणि उरलेल्यांचा वाद दोन्ही पक्षांनी कलम १०-अ खाली लवादाकडे दिला. लवादाने कारखान्याच्या बाजूने निवाडा दिला. कामगार गुजरात हायकोर्टात गेले. हायकोर्टाने निवाडा फिरवला आणि कामगारांना परत घ्यायला सांगितले. कारखाना सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती देसाई यांनी बहुमताने कामगारांना परत घेण्याचा आदेश मुख्यतः कायम ठेवला. न्यायमूर्ती कोशल यांचे मत वेगळे पडले.

या निकालात आपल्या कामाच्या तीन गोष्टी आहेत.

पहिली : पत्रावर 'सेवामुक्ती' लिहिले म्हणून ती सेवामुक्ती ठरत नाही. काढण्यामागचे खरे कारण संपात भाग घेतल्याबद्दलची शिक्षा असेल तर कोर्ट ती शिक्षाच धरणार, आणि शिक्षा म्हटली की चौकशी आलीच.

दुसरी : कलम ११-अ चा अधिकार आपखुशीच्या लवादालाही आहे. तो लवादाने वापरला नाही, ही कायद्याची चूक झाली. म्हणूनच हायकोर्टाला आत शिरायला वाट मिळाली.

तिसरी : शेकडो माणसांना एकाच मापाने काढायचे असेल तर कोणी काय केले हे वेगवेगळे दाखवावे लागते. सरसकट काढले की त्यात निरपराधही जातो, आणि त्याच्या बरोबर खरा दोषीही सुटून परत येतो.

न्यायमूर्ती कोशल वेगळे पडले हेही ध्यानात ठेवावे. तेच कागद वाचून जाणत्या न्यायाधीशांची मते वेगळी होऊ शकतात. "आमचा खटला पक्का आहे" असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर दोन्ही कानांनी ऐकू नये.

४. गुन्ह्याच्या मापाची शिक्षा

न्यायाधिकरणापुढे सर्वांत जास्त प्रश्न येतो तो शिक्षेच्या मापाचा. पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीचा खटला या बाबतीत शिकण्यासारखा आहे. १९८३ साली एक कामगार पाळीत झोपलेला सापडला. चौकशी झाली आणि त्याला काढले. कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, हायकोर्ट अशा पायऱ्यांवर वेगवेगळे निकाल झाले. झोपेसाठी नोकरी घालवणे फार झाले, असे काही पायऱ्यांवर वाटले. शेवटी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली. कारण पूर्वी तीनदा त्याच चुकीसाठी त्याला समज किंवा शिक्षा झाली होती, आणि ते सर्व नोंदलेले होते.

यात दोन गोष्टी पाहा. पहिली गोष्ट नोंदीची. "तो नेहमीच असा करतो" हे गेटवर सगळे म्हणतात, पण सेवापुस्तकात कोरे पान असते. कोर्ट कोरे पान वाचते. दुसरी गोष्ट काळाची. एका डुलकीचा निकाल लागायला बावीस वर्षे गेली. जिंकलेल्यालाही हा काळ परवडत नाही.

५. निवृत्तीचे वाद

निवृत्तीत वाद कसला, असे वाटेल. वय झाले, माणूस घरी गेला. पण तीन ठिकाणी गाडी अडते.

(अ) वय कोणते? अठ्ठावन्न की साठ? हे स्थायी आदेश, करार किंवा निवाडा यांत लिहिलेले असते. आधी वयाची अट नव्हती आणि नंतर घातली, तर जुन्या कामगारांचे काय? कलकत्त्याकडच्या गेस्ट कीन विल्यम्स कंपनीने स्थायी आदेशात पंचावन्न वर्षे घातली होती. अट येण्यापूर्वीपासून कामावर असलेल्यांना ती सरसकट लावणे न्यायाचे नाही, त्यांच्यासाठी साठ हे वय योग्य, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ठरवले. ब्रिटिश पेंट्स कंपनीच्या निकालातही साठ हेच वय धरले गेले. देशातले आरोग्य सुधारले, आयुष्य वाढले, हे कारण कोर्टाने दिले. असे वाद ठरवताना त्या भागातल्या त्याच धंद्यात काय चालते आणि काम किती अंगमेहनतीचे आहे, हे पाहिले जाते. तेव्हा आपल्या कारखान्यात कोणते वय आहे हे प्रत्येक कामगाराने स्थायी आदेशात स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. चहाच्या टपरीवरच्या माहितीवर राहू नये.

(ब) जन्मतारीख कोणती? आपल्या जुन्या पिढीत जन्माची नोंद म्हणजे "मोठा पूर आला त्या साली" किंवा शाळेत मास्तरांनी अंदाजाने घातलेला १ जून. नोकरीला लागताना घातलेली तारीख तीस वर्षे कोणी पाहत नाही. निवृत्तीला सहा महिने राहिले की दाखला शोधायची धावपळ सुरू होते. बर्न स्टँडर्ड कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले की नोकरीच्या अखेरीस जन्मतारखेचा वाद घेऊन आलेल्याला हायकोर्टाने रिटमध्ये सहसा दाद देऊ नये. ज्याची तारीख चुकली आहे त्याने आजच अर्ज द्यावा, आणि पोच घेऊन पेटीत ठेवावी.

(क) निवृत्ती की काढणे? वयाची अट लेखी नसताना, किंवा ठरलेल्या वयाच्या आधीच, 'निवृत्त केले' असे पत्र दिले तर ती निवृत्ती होत नाही. कायद्याने निवृत्तीला कामगार कपातीच्या व्याख्येतून वगळले आहे, पण नेमणुकीच्या करारात तशी वयाची अट असेल तरच. अट नसेल तर नोटीस आणि भरपाई यांचा प्रश्न उभा राहतो. गुजरातच्या खटल्यात जे 'सेवामुक्ती' या शब्दाचे झाले, तेच येथे 'निवृत्ती' या शब्दाचे होते. कोर्ट पाटी वाचत नाही, आत काय आहे ते बघते.

६. पैशाचा हिशेब

आता सभासदाच्या खिशाकडे वळू.

बडतर्फी बेकायदा ठरली तर कामगाराला परत घ्यावे लागते आणि मधल्या काळाचा पगार द्यावा लागतो. हिंदुस्थान टिन वर्क्स कंपनीच्या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पूर्ण मागील पगार हा सर्वसाधारण नियम, कमी द्यायचा तर कारण पाहिजे. त्या कंपनीची स्थिती पाहून तेथे ७५ टक्के ठरले. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली न्यायालयाने हा नियम पुन्हा सांगितला. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो हे नोकराने सांगायचे, आणि तो कमावत होता असे मालकाचे म्हणणे असेल तर ते मालकाने सिद्ध करायचे. रोजंदारीच्या माणसांच्या बाबतीत परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाईचे निकालही झाले आहेत.

आणखी एक तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. न्यायाधिकरणाने कामगाराला परत घ्या म्हटले आणि कारखाना हायकोर्टात गेला, तर खटला चालेल तितके दिवस कामगाराला शेवटचा पूर्ण पगार द्यावा लागतो. मात्र आपण कोठेही कामाला नाही असे प्रतिज्ञापत्र त्याने द्यावे लागते. जुन्या कायद्यात हे कलम १७-ब होते, नव्या संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. आणि पुढे कारखाना जिंकला तरी ही रक्कम परत मिळत नाही, असे डेना बँकेच्या खटल्यात १९९७ साली ठरले.

एक मांडणी करून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. कामगाराचा पगार महिना २०,००० रुपये. खटला सहा वर्षे चालला, म्हणजे ७२ महिने. पूर्ण मागील पगार १४ लाख ४० हजार. कारखान्याचे गाळप ४ लाख टन धरले तर टनामागे ३ रुपये ६० पैसे एका माणसाचे. असे दहा कामगार एकाच हुकमाने काढले असतील तर टनामागे ३६ रुपये. वकिलांची फी वेगळी. आणि त्या सहा वर्षांत त्या जागेवर दुसऱ्याला ठेवून त्यालाही पगार दिलेलाच असतो. उसाच्या दरात दहा-वीस रुपयांसाठी आपण सभेत घसा बसेपर्यंत भांडतो. हे छत्तीस रुपये मात्र एका घाईच्या सहीने जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

७. हंगामी कामगारांबाबत

गळीत हंगाम संपला की हंगामी कामगार घरी जातो. याला काढणे म्हणायचे का? सातारा जिल्ह्यातल्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काम हंगामी असून हंगामाबरोबर ते संपले असेल तर ती कामगार कपात नव्हे. पण यावरून हंगामी माणसाला पुढच्या हंगामात मनमानीने वगळता येते, असा अर्थ काढू नये. त्यांच्या यादीचा क्रम आणि बोलावण्याचे नियम स्थायी आदेशात आणि करारात असतात. एकाला डावलून त्याच्या मागच्याला बोलावले की नवा वाद तयार.

८. मग करायचे काय?

व्यवस्थापनाने पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण एकही गाळता येत नाही.

१) आरोपपत्र नेमके हवे. 'गैरवर्तन केले' एवढे पुरत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, काय केले आणि स्थायी आदेशाचे कोणते कलम, हे सर्व हवे.

२) खुलाशाला वेळ द्यावी आणि कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात.

३) ज्याने पकडले त्यानेच चौकशी करू नये. फिर्यादी आणि पंच एकच माणूस झाला की तेथेच खटला गेला.

४) साक्षी कामगारासमोर घ्याव्यात, त्याला उलटतपासणी करू द्यावी, त्याचे साक्षीदार ऐकावेत. रोजचे कामकाज लिहून सह्या घ्याव्यात.

५) निलंबनात निर्वाह भत्ता वेळेवर द्यावा. पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा, आणि उशीर कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. भुकेल्या माणसाची चौकशी निष्पक्ष झाली असे कोर्ट मानत नाही.

६) शिक्षा ठरवताना मागचा सेवावृत्तांत पाहावा, आणि तो पाहिला हे आदेशात लिहावे.

आता आपल्या म्हणजे सभासदांच्या वाट्याचे. हे लिहायला जरा अवघड आहे, पण लिहिलेच पाहिजे. निवडणूक होते, पॅनेल बदलते आणि काही मंडळी ऑफिसात येऊन म्हणतात, "तो अमक्याचा माणूस, आधी त्याला बाहेर काढा." संचालकही आपलेच, त्यांनाही गावात राहायचे असते. पण असा हुकूम निघाला की इंडियन आयर्नच्या निकालातले पहिले दोन मुद्दे, नियत साफ नसणे आणि सूड, आपण स्वतःच्या हाताने कामगाराच्या वकिलाला देतो. याची उलटी बाजूही आहे. खरोखर चोरी केलेल्याला "आपला आहे, जाऊ द्या" म्हणून सोडले, तर पुढच्या चोराला काढताना तेच उदाहरण आडवे येते. एकाच गुन्ह्याला दोन मापे लावली की दोन्ही वेळा भुर्दंड सभासदालाच.

शंका-समाधान

प्रश्न : फौजदारी कोर्टातून सुटला म्हणजे कामावर घ्यावेच लागते का?
उत्तर : आपोआप नाही. फौजदारी खटल्यात संशयाला जागा राहता कामा नये, चौकशीत एवढा कडक पुरावा लागत नाही. पण दोन्हीकडे तोच पुरावा असेल आणि फौजदारी कोर्टाने आरोपच खोटा म्हटला असेल, तर त्याचा परिणाम होतो.

प्रश्न : लवाद बरा की न्यायाधिकरण?
उत्तर : दोघांचा विश्वास असलेला माणूस मिळाला तर लवादात वेळ वाचतो. मात्र लवादाने कारणे लिहून निवाडा द्यावा आणि शिक्षेच्या मापाचाही विचार करावा. नाहीतर वाचवलेला वेळ हायकोर्टात परत जातो.

प्रश्न : काढलेल्या कामगाराने पहिल्यांदा काय करावे?
उत्तर : आदेशाची प्रत घ्यावी, तारीख टिपून ठेवावी आणि कोणत्या कायद्याखाली, किती मुदतीत जायचे हे युनियनला किंवा वकिलाला लगेच विचारावे. मुदत गेली की खरी बाजूही लंगडी पडते.

प्रश्न : सभासदाने सभेत काय विचारावे?
उत्तर : फक्त 'खर्च किती' विचारू नये. किती कामगारांचे वाद चालू आहेत, किती वर्षांपासून, किती ठिकाणी आपली चौकशी सदोष ठरली आणि कोणते वाद तडजोडीने मिटण्यासारखे आहेत, हे विचारावे. चौकशी वारंवार सदोष ठरत असेल तर दोष कोर्टाचा नाही, आपल्या कामगार खात्याचा आहे.

शेवटी, सभेतल्या त्या दोन भावांना उत्तर एकच. काट्यावर लबाडी करणारा परत आला असेल तर बहुधा लबाडी खरी आणि कागद कच्चे, असे झाले असेल. आणि वयाचा वाद कोर्ट ऐकते, पण ज्याने वेळेवर कागद दिला त्याचा. शेतात लागण चुकली तर तोडणीला कोयता कितीही धारदार असून उपयोग होत नाही. चौकशीचे तसेच आहे. पुढच्या सभेला येताना आपल्या कारखान्याचे स्थायी आदेश एकदा वाचून या. कामगार खात्यात प्रत मागितली की ती पाहायला मिळते.